रविवारची बैठक पुन्हा सुरू करायची का? नाशिकच्या ओपन सोर्सवाल्यांनो, बोला जरा

गोदाकाठची
रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा नाशिकचा एक छोटा गट आहे. मोकळ्या (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो त्याचं, मराठीकरण करतो आणि जमेल तसं ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून केलेल्या नकाशाचं काम. पगार नाही, साहेब नाही, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. लॉकडाउनच्या आधी दर दुसऱ्या रविवारी कॉलेज रोडच्या मागे एका मित्राच्या क्लासच्या खोलीत भेटायचो, सकाळी दहाला सुरू करायचो आणि मग मिसळ खाऊन परत दोनपर्यंत. २०२० च्या मार्चपासून सगळं टेलिग्राम आणि वेबलेटवर (भाषांतराच्या वेबसाइटवर) गेलं ते गेलंच. गटात आज तेवीस जण आहेत, प्रत्यक्ष काम करणारे चार किंवा पाच. आधी नऊ होतो आणि नऊच्या नऊ काम करायचे.

मागच्या महिन्यात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा परत भेटलो. सात जण आले. चार तासांत जे उरकलं ते टेलिग्रामवर सहा महिने रखडलं होतं, शब्दसूचीतले अर्धे वाद तिथल्या तिथे मिटले. त्यातला एक म्हणजे 'जतन करा' ठेवायचं की सरळ 'सेव्ह करा' करायचं. सातातले पाच 'सेव्ह' म्हणाले, ठरलं, आणि त्याच रात्री आमच्यातल्या एकाने वेबलेटवर एका फटक्यात सगळीकडे बदलूनही टाकलं.

सकाळी उठून बघते तर गटात एकच मेसेज. 'माझ्या ४१२ स्ट्रिंग कोणी बदलल्या?'

स्ट्रिंग म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भाषांतराचं एकेक वाक्य. हा मेंबर सुरगाण्याकडे असतो. जुन्या सूचीप्रमाणे पंधरा दिवस रात्री बसून त्याने एक अख्खं सॉफ्टवेअर पूर्ण केलं होतं. बैठक झाली, तिच्यात काय ठरलं, याचा निरोप आम्ही कोणी टाकलाच नव्हता. टिपणं माझ्या वहीत होती, टाकायचं काम माझं होतं आणि मी घरी येऊन झोपले. त्याने नंतर काही भांडण केलं नाही, नुसता गप्प झाला, तीन आठवडे त्याचं एकही काम आलेलं नाही. ते मला फार लागलंय.

म्हणून विचारते. प्रत्यक्ष भेटलं की काम धावतं हे मी डोळ्यांनी बघितलं. पण जो येऊ शकत नाही त्याच्यावर अन्याय होतो हे पण बघितलं. तुमच्याकडे कसं चालतं? आणि मोठमोठे प्रोजेक्ट हे कसं सांभाळतात हे कोणी नीट सांगाल का?

—

सातपूर_नाइटशिफ्ट
रविवार, रात्री ११.४०

ताई, माझं स्पष्ट मत, काम ऑनलाइनच ठेवा. मी कंपनीत शिफ्टमध्ये आहे, आठवडा फर्स्ट आठवडा सेकंड आठवडा नाइट, सुट्टीचा वार पण आमचा रविवार नाही. म्हणजे तुमच्या बैठकीला मी आयुष्यात येणार नाही. पण गेली सहा वर्षं एका छोट्या लायब्ररीचे (म्हणजे तयार कोडच्या संचाचे) बग मी रात्री अडीचला सोडवतोय आणि तिचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा, जर्मनीत आहे, त्याचं तोंड मी बघितलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, तरी त्याला माझं काम माहितीये आणि मला त्याचं.

लिनक्सचंच बघा ना. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीतून न्यूजग्रुपवर लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, आणि अनोळखी लोकांनी हातभार लावायला सुरुवात केली. आजही कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मेलने जातात, सगळ्यांच्या समोर, आणि त्यावरची चर्चा तिथेच राहते. दहा वर्षांनी कोणी विचारलं की ही ओळ अशी का लिहिली तर उत्तर सापडतं. मिसळीच्या टेबलावर ठरलेलं दहा वर्षांनी कुठे शोधणार?

आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, २००५ च्या एप्रिलमध्ये आलं तेच या गरजेतून. आधी बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरायचे, त्याचं फुकट लायसन्स बंद झालं, मग लिनसने स्वतःच लिहायला घेतलं. त्यात प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची कॉपी असते, नेट नसलं तरी बदल नोंदवता (कमिट करता) येतो, नेट आलं की पाठवा. सुरगाण्याच्या माणसासाठीच केल्यासारखं आहे ते.

अजून एक, अपाची वेब सर्व्हर करणाऱ्यांचा नियम. ते लोक १९९५ मध्ये मेलवरूनच एकत्र आले, मूठभर जण, वेगवेगळ्या गावांतले. त्यांच्याकडे अलिखित कायदाच आहे की यादीवर (मेलिंग लिस्टवर) झालं नाही म्हणजे झालंच नाही. दोघं समोरासमोर बोलले, फोनवर बोलले, चालेल, पण ते यादीवर आणून मांडायचं आणि मत देण्यासाठी साधारण ७२ तास थांबायचं. ७२ का, तर जगाच्या कुठल्याही टाइम झोनमधला, नोकरी करणारा, मध्ये शनिवार-रविवार आलेला माणूस पण तेवढ्यात वाचून उत्तर देऊ शकतो. तुमच्याकडे हे ७२ तास असते तर त्या दादाच्या स्ट्रिंग वाचल्या असत्या.

—

जुना_पेंग्विन
सोमवार, सकाळी ८.०५

सातपूरवाल्या मित्रा, सगळं बरोबर, पण अर्धंच सांगितलंस. मेलवर चालणारे तेच कर्नलवाले २००१ पासून वर्षातून एकदा एका खोलीत बसतात. कशासाठी? मेलवर जो वाद चिघळतो तो समोर बसल्यावर निवतो म्हणून. माणूस वाईट नाही, त्याची लिहायची पद्धत तोडून टाकल्यासारखी आहे, हे त्याला चहा पिताना बघितल्याशिवाय कळत नाही.

माझी गोष्ट सांगतो. पुण्याला सिम्बायोसिसमध्ये ग्न्युनिफाय नावाचं ओपन सोर्सचं संमेलन व्हायचं, नाशिकहून पहाटेची एसटी पकडून गेलो होतो, सोबत सीडींचा गठ्ठा कारण तेव्हा डाउनलोड करणं म्हणजे महिन्याचं नेट संपवणं. मला पॅच बनवता येत नव्हता. दोन महिने मॅन्युअल वाचून डोकं फोडत होतो, यादीवर दोनदा विचारलं, लोकांनी दोनदा तेच मॅन्युअल वाचायला सांगितलं. तिथे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका मुलाने माझा स्क्रीन बघितला आणि म्हणाला तुम्ही चुकीच्या फोल्डरमधून कमांड देताय. दहा मिनिटांत माझा पहिला पॅच तयार. मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो, आणि चुकीचा प्रश्न लिहून पाठवला तर उत्तरही त्याच चुकीच्या प्रश्नाचं येतं. शेजारी बसलेल्याला मात्र तुम्ही न विचारलेलं पण दिसतं. नवीन माणसासाठी याला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे.

हॅकाथॉन हा शब्द आज कॉलेजवाले बक्षिसांच्या स्पर्धेला वापरतात. तो पहिल्यांदा वापरणाऱ्यांत ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाले होते, जून १९९९, कॅनडातलं कॅलगरी, दहा जण. कॅनडात का, तर गुप्तलेखनाच्या कोडवर अमेरिकेच्या निर्यात कायद्याची बंधनं होती, ती टाळायची होती. भाषणं नाहीत, स्लाइड नाहीत. टेबलाभोवती बसायचं, अडलं की शेजारच्याला विचारायचं, आणि घरून जे महिनोन्‌महिने होत नाही ते आठवड्यात संपवायचं. रविवारची बैठक अशी करा. चर्चेची नाही, हाताने काम करायची.

—

आडगावचा_विद्यार्थी
सोमवार, दुपारी १.३०

काका ग्न्युनिफायचं वाचून भारी वाटलं. मी इंजिनिअरिंगला आहे, थर्ड इयर. आमच्याकडे सगळं व्हिडिओ बघून शिकतात, शेजारी बसून कोणी दाखवलंय असं माझ्या बाबतीत कधीच झालं नाही. तुमची बैठक सुरू झाली तर मी येईन.

एक प्रश्न आहे. ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? एक्सझेडचं प्रकरण वाचल्यापासून डोक्यात आहे. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंडने जाहीर केलं की एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरवाट घातलेली आहे. त्याला ते कळलं कसं, तर एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि तो त्याच्या मागे लागला. ती चोरवाट घालणारा 'जिया टॅन' नावाचा सहमेंटेनर होता. २०२१ पासून चांगलं काम करत होता, पॅच देत होता, लोकांना मदत करत होता. तो कोण, एक माणूस की अनेक, कोणालाच माहीत नाही. कोणी कधी भेटलेलंच नव्हतं.

—

जुना_पेंग्विन
सोमवार, दुपारी २.१५

चांगला प्रश्न काढलास. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात यासाठी जुनी रीत आहे. तिथे पूर्ण डेव्हलपर व्हायचं तर तुझ्या जीपीजी चावीवर (डिजिटल ओळखीच्या चावीवर) आधीच्या डेव्हलपरची सही लागते, आणि सही करणारा तुला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघून, चावीचा ठसा अक्षर अक्षर जुळवून मगच करतो. डेबकॉन्फला, म्हणजे डेबियनवाल्यांच्या वार्षिक संमेलनाला, रांगा लागतात नुसत्या त्यासाठी. २०२३ ला डेबकॉन्फ कोचीला झालं, भारतात पहिल्यांदा, आपल्याकडच्या लोकांना ती सही घरच्या अंगणात मिळाली म्हण ना. नाहीतर एका सहीसाठी परदेशी जायचं, व्हिसा मिळेल न मिळेल.

—

सातपूर_नाइटशिफ्ट
सोमवार, रात्री ९.५०

पण काका, भेटून ओळखपत्र बघितलं म्हणजे माणूस चांगला निघाला असं थोडंच आहे, खोटं ओळखपत्र काय, खरं ओळखपत्र असलेला खोटा माणूस काय, दोन्ही असतात. एक्सझेडमध्ये मला खरं दुखलं ते वेगळं. मूळचा मेंटेनर एकटा होता. वर्षानुवर्षं एकट्याने फुकट सांभाळत होता, थकलेला होता, त्याने तसं लिहून सांगितलं होतं यादीवर. आणि त्याच यादीवर दुसरे दोन-तीन जण त्याला टोचत होते की काम हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या. मग तो मदतीला आलेल्याच्या हातात देऊन मोकळा झाला. आपल्यातला कोणी त्याच्या गावात असता, महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर बसला असता, तर ओळखपत्राचा प्रश्नच आला नसता, तो माणूस एवढा एकटा पडला नसता. हे मी ऑनलाइनवाला असून सांगतोय.

—

दोन_टेबलं
मंगळवार, सकाळी ११.२०

फ्रीलान्स वेब डेव्हलपर आहे, इंदिरानगर. बाईची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते.

मी ओपन सोर्समध्ये आले ती भेटीमुळेच. नाशिकला वर्डकॅम्प (वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसचं संमेलन) झाला तेव्हा कोपऱ्यात बसले होते, शेजारच्या मुलीने विचारलं तुम्ही वर्डप्रेसचं मराठी भाषांतर बघितलंय का, आणि तिथेच अकाउंट काढून दिलं. तेव्हा समजलं की आपण रोज वापरतो ती वाक्यं कोणीतरी आपल्यासारख्याच माणसाने लिहिलेली असतात. त्या पाच मिनिटांमुळे मी आज इथे आहे. पण पुढची चार वर्षं मी एकाही बैठकीला जाऊ शकले नाही कारण मुलगा लहान होता, आणि रविवार सकाळ ही घरातल्या बाईसाठी सुट्टी नसते, पाहुणे, स्वयंपाक, सगळं त्याच दिवशी. त्या चार वर्षांत मी केलेलं सगळं काम रात्री, फोनवरून, पोराला मांडीवर घेऊन. ऑनलाइन नसतं तर मी संपले असते. म्हणून 'जे येतात तेच खरे कार्यकर्ते' असा सूर लागला की मला राग येतो. या धाग्यात तो लागलेला नाही, पण बैठका सुरू झाल्या की हळूहळू लागतो, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. ऑनलाइन एखाद्याचं वय, हुद्दा माहीत नसतो. सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात आणि कामावर सरळ बोलतात, 'हे वाक्य जमलं नाही, क्रियापद शेवटी घ्या'. मग एकदा भेट होते. कोणी सर निघतात, कोणी काका, कोणी एखाद्याच्या कॉलेजातले प्राध्यापक. त्यानंतर सरांच्या भाषांतरावर 'चुकलंय' लिहायला कोणाचा हात धजत नाही. खोलीत तर अजूनच. सर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. गोदाकाठची, तुमच्या त्या पाच मतांमधली खरोखरची स्वतःची किती होती हे एकदा बघा. मी टोमणा मारत नाहीये, मनापासून विचारतेय.

उलट पण होतं. टेलिग्रामवर एकजण मला नेहमी नुसतं 'परत बघा' एवढंच लिहायचा. वर्षभर मला वाटायचं हा मला कमी लेखतो. भेटला तेव्हा कळलं, बोलतानाही तो तेवढंच बोलतो, आणि माझ्या प्रत्येक ओळीवर त्याने दहा दहा मिनिटं घालवलेली असतात. आता 'परत बघा' वाचलं की मला त्याचा आवाज ऐकू येतो आणि राग येत नाही.

—

भांडीबाजार_ते_रामकुंड
मंगळवार, संध्याकाळी ७.००

मी नकाशावाला. भाषांतरात मला गती नाही म्हणून माझ्या बाजूचं सांगतो, कारण आमच्यात लांबून काम आणि पायी काम हे दोन वेगळे प्रकारच आहेत आणि दोन्हींशिवाय नकाशा होत नाही.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळला भूकंप झाला. काठमांडूत तिथल्या पोरांचा काठमांडू लिव्हिंग लॅब्स म्हणून गट आधीपासून शहराचा नकाशा करत होता. भूकंपानंतर जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाच्या फोटोंवरून रस्ते, वस्त्या, घरं काढली, ज्यांनी नेपाळ कधी बघितलं नाही त्यांनी. मदत पोचवणाऱ्यांनी ते नकाशे वापरले. एवढं काम एवढ्या कमी वेळात भेटून झालंच नसतं. पण आधीपासून गल्ल्या फिरलेली ती स्थानिक पोरं नसती तर कुठल्या वस्तीचं नाव काय हे कोणी सांगितलं असतं?

आता आपल्या गावाकडे या. मी वरून सराफ बाजार काढायला बसलो तर नुसती पत्र्यांची छपरं दिसतात, एकाला एक चिकटलेली. गल्ली कुठून जाते, वाड्यातून पलीकडे निघता येतं का, पायऱ्या कुठे, हातगाडी जाते की नाही, काही कळत नाही. दहीपुलाकडून भांडीबाजारात उतरणारा उतार किती आहे हे उपग्रह सांगत नाही, पुराचं पाणी सांगतं. आपल्याकडे पूर मोजायची रीत काय, तर गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्यावरून जुन्या नाशकातला दुकानदार ठरवतो की माल वर चढवायचा की नाही. ही माहिती कुठल्याही फोटोत नाही, ती त्या दुकानदाराच्या डोक्यात आहे आणि त्याच्या ओट्यावर बसल्याशिवाय तो सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सहा जण जोड्या करून फिरलो, तिवंध्यापासून भद्रकाली, मग मेनरोड, मग खाली घाटावर. कागदावर छापलेला नकाशा आणि पेन. तीन सकाळी लागल्या. एका जोडीत एक म्हातारे आजोबा स्वतःहून सामील झाले, त्यांनी जी गल्लीची नावं सांगितली ती महापालिकेच्या पाटीवर पण नाहीत. घरी येऊन सगळं भरलं, आणि ते तपासलं कोणी, तर बंगळुरूच्या एका मुलीने आणि एका ब्राझीलच्या माणसाने, त्यांनी दाखवलं की आम्ही दोन एकेरी रस्ते उलटे टाकलेत. पायाने आम्ही, नजरेने ते.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो माणसं या गल्ल्यांमधून जाणार, त्यातली बहुतेक बाहेरगावची. शौचालयं, पाण्याचे नळ, बाहेर पडायच्या वाटा हे सगळं चालत जाऊन टाकायला हवं आणि वेळ फार नाही. ज्याला भाषांतराच्या बैठकीचा कंटाळा आहे त्याने माझ्याबरोबर चालायला यावं.

—

मुक्तविद्यार्थी
मंगळवार, रात्री १०.३०

एक छोटं उदाहरण आपल्याच गावचं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकात आहे. मी तिथूनच पदवी घेतली, नोकरी करत. पुस्तकं घरी, अभ्यास घरी. पण अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं असायची आणि मी सांगतो, ती नसती तर मी दुसऱ्या वर्षालाच सोडलं असतं. शिकायला म्हणून कमी, आपल्यासारखाच रात्री जागून वाचणारा अजून कोणी आहे हे बघायला जास्त. रोज भेटायची गरज नाही. पण भेटच नसेल तर माणूस गळतो.

—

घाटावरचा_मास्तर
बुधवार, रात्री ११.५५

तो ४१२ स्ट्रिंगवाला मीच.

धागा कालच वाचला. लिहू की नको करत होतो. ताई, तुम्ही असं उघड लिहिलंत त्याबद्दल आधी आभार.

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथून नाशिकला एसटीने यायला तीन तास, जायला तीन तास, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम. पावसाळ्यात लाइट दोन दोन दिवस नसते. रेंज घराच्या मागे टेकाडावर येते म्हणून दिवसा काम फोनवर उतरवून घेतो, रात्री करतो, सकाळी शाळेत जायच्या आधी टेकाडावर जाऊन चढवतो. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मला हे काम आवडतं. माझ्या वर्गातली पोरं ज्या कॉम्प्युटरवर बसतात त्यावर मी लिहिलेले शब्द आहेत, याचं मला किती वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

शब्द बदलला म्हणून मला वाईट वाटलं नाही. बहुमताने बदलला तर बदलला. मला न विचारता बदलला याचं वाटलं, आणि त्याहून जास्त याचं की माझ्याकडे त्या शब्दाबद्दल सांगण्यासारखं होतं आणि ते कोणी ऐकलंच नाही.

आता सांगतो. माझ्याकडे तिसरी-चौथीची मुलं. घरी कोकणा बोलतात, मराठी शाळेत शिकतात, इंग्रजी अजून लांब आहे. 'जतन करा' हे त्यांना वाचता येतं आणि कळतंही, कारण शाळेच्या भिंतीवर 'पाणी जतन करा' लिहिलेलं आहे, झाडं जतन करा हे ती रोज ऐकतात. जतन म्हणजे जपून ठेवणं. मी एकदाच सांगितलं, चित्र काढलंस ना, आता जतन कर म्हणजे उद्या पण राहील. तेवढ्यात समजलं. 'सेव्ह करा' आल्यावर काय झालं तर निम्मी मुलं ते 'शेव' वाचतात. त्या जोडाक्षराशी त्यांची ओळख नाही. शब्द वाचता आला तरी अर्थ नाही. नाशकातल्या मुलांना सेव्ह सोपं जात असेल, ती घरी मोबाइलवर ऐकतात. माझ्या पोरांना नाही.

बैठकीत सात जण होते, सगळे शहरातले, सगळे इंग्रजी सॉफ्टवेअर वापरून मोठे झालेले. त्यांना सेव्ह सोपं वाटणारच. यात त्यांचा दोष नाही, खोलीत जो नव्हता त्याचं मत खोलीत नव्हतं एवढंच.

आणि एक मान्य करतो. मी पण हे कधी लिहून सांगितलं नव्हतं. सूचीत 'जतन' होतंच म्हणून मला वाटलं सगळ्यांना माहीत असणार. तीन आठवडे गप्प बसलो तेही चुकलं. समोर असतो तर तोंडावर दिसलं असतं माझ्या. टेलिग्रामवर गप्प बसलेला माणूस रागावलाय की नुसता कामात आहे हे कोणाला कळणार?

—

सातपूर_नाइटशिफ्ट
गुरुवार, पहाटे ३.१०

मास्तर, हे तुमचं लिखाण जसंच्या तसं वेबलेटवर त्या शब्दाच्या कॉमेंटमध्ये टाका. उद्या कोणी परत 'सेव्ह' करायला आला तर त्याने आधी हे वाचलं पाहिजे.

—

दोन_टेबलं
गुरुवार, सकाळी ९.४५

पोरांच्या भिंतीवरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपण शब्दसूचीवर इतके वाद घालतो आणि ती वाचणाऱ्या एका पण मुलाला विचारत नाही.

—

गोदाकाठची
गुरुवार, रात्री ९.२०

मास्तर, माफ करा. हे आधी.

दोन_टेबलं यांनी विचारलं होतं की पाच मतांमधली स्वतःची किती. मी फोन करून विचारलं प्रत्येकाला. दोघं म्हणाले आम्हाला काहीच फरक पडत नव्हता, लवकर उरकावं म्हणून हात वर केला. म्हणजे खरं मत तिघांचंच.

आज संध्याकाळी तो बदल मागे घेतलाय, ४१२ च्या ४१२ परत 'जतन करा' झालेल्या आहेत. विषय पुन्हा उघडलाय, मास्तरांचं म्हणणं त्यांना विचारून वर चिकटवलंय, आणि रविवार रात्रीपर्यंत म्हणजे ७२ तास कोणीही लिहू शकतं. सातपूरवाल्या भाऊंचा नियम आम्ही उचलला. इथून पुढे बैठकीत फक्त काम आणि शिकवणं, खोलीत शब्द ठरणार नाही. खोलीत सुचलेलं त्याच दिवशी लिहून टाकायचं, आणि ते काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे, कारण एकटीवर टाकलं की काय होतं ते झालंच आहे. आणि तीन आठवडे कोणी गप्प असेल तर मेसेज नाही, फोन करायचा.

रविवार मात्र मी सोडणार नाही. आडगावच्या मुलाचा पहिला पॅच आपल्यातल्या कोणाच्या तरी शेजारी बसूनच व्हायला हवा, काका तुम्ही येताय. दर दुसऱ्या रविवारच्या ऐवजी महिन्यातून एक, सकाळच्या ऐवजी दुपारी तीनला, घरातलं आवरून येता येईल असं.

आणि मास्तर, एक विचारायचं होतं. पहिली बैठक तुमच्याकडे घेतली तर चालेल का? शाळेत, शनिवारी, मुलं असताना. आम्ही बोलणार नाही, पोरांना सॉफ्टवेअर वापरताना नुसतं बघू आणि कुठे अडतात ते लिहून घेऊ.

—

घाटावरचा_मास्तर
शुक्रवार, सकाळी ६.४०

टेकाडावरून लिहितोय.

या. मुख्याध्यापकांना आज विचारतो, ते नाही म्हणणार नाहीत. शाळेत तीन कॉम्प्युटर आहेत, दोन चालतात. लाइटचा भरवसा नाही म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा, आणि भाषांतराच्या फाइली आधीच उतरवून आणा, इथे नेट मिळणार नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच या. सात-आठ जणांची झोपायची सोय माझ्याकडे होते, घोंगड्या आहेत, थंडी असते. स्ट्रॉबेरी सुरू झालीये इकडे, येताना काही आणू नका.

सातपूरवाले भाऊ, तुमची शनिवारी कुठली शिफ्ट आहे?

—

सातपूर_नाइटशिफ्ट
शुक्रवार, सकाळी ७.१५

आत्ताच सुटलोय. पुढच्या शनिवारी फर्स्ट आहे, बदलून घेतो. सीबीएस स्टँडवरून गाडी किती वाजता?